नोटीस बोर्डावरचं भूत

बत्तीस फॉर्म आणि बत्तीस वेळा ‘नाही’. एखादा ‘हो’ दुसऱ्या कागदाला चिकटून राहिला असेल म्हणून जास्मिनने गठ्ठा पुन्हा मोजला. नव्हता. प्रश्न साधा होता: ट्रेलर पाहून घाबरलात का?

कॉलेजची अट अशी होती की प्रत्येकाने आपल्या भयपटाचा ट्रेलर प्रेक्षकांना दाखवायचा, त्यांच्या सूचनांनुसार सुधारायचा आणि सुधारणेचा पुरावा सोमवारी आणून द्यायचा. सर्वांत जास्त घाबरवणाऱ्याला पूर्ण सिनेमा करण्यासाठी कॉलेजचा कॅमेरा महिनाभर मिळणार होता. जास्मिनचा भयपट कारखान्यातल्या भुताचा होता आणि तिच्याकडे फक्त फोन होता, तोही कडेला तडकलेला.

प्रेक्षक शेजारच्या भैरूकाकांनी मिळवून दिले होते. काका चाकणच्या एका कारखान्यात माल तपासायचे. चांगल्या पार्टला हिरवं स्टिकर, बिघडलेल्याला लाल. दिघीहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे छोटा टीव्ही होता, त्यावर त्यांनी ट्रेलर लावला. मोशीच्या पुढे बस पाऊण तास जागची हलत नाही, त्यामुळे फॉर्म भरायला कोणी नाही म्हणालं नाही.

“वाईट वाटून घेऊ नगं पोरी,” गठ्ठ्यावर लाल स्टिकर चिकटवत काका म्हणाले, “पन तुझं भूत प्रेस मशीन एका हातानं चालवतंय. चालायची न्हाई. दोन बटणं दोन हातांनी दाबावी लागत्यात.”

“काका, ते भूत आहे.”

“असंल. सेन्सरला काय म्हाईत?”

भूत म्हणजे जास्मिनचा मोठा भाऊ मोईज. तो सोफ्यावरूनच म्हणाला, “दोन्ही हात मशीनवर ठेवतो. मग गळा कशाने दाबू, ते पण विचार.”

जास्मिनने एकूण एक सूचना पाळली. भुताला हेल्मेट आलं, सेफ्टी शूज आले, जमिनीवर सांडलेलं तेल पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बत्तीस ‘नाही’ आले. शेऱ्यांत मात्र प्रगती होती. एकाने लिहिलं होतं, ‘भूत शिस्तीचं आहे.’

तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती चुकीचं मोजत होती. माणूस कुठे घाबरला हे तो लिहीत नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर बघावं लागतं. बुधवारी ती स्वतः बसमध्ये बसली, टीव्हीखाली फोन टेकवून तिने प्रेक्षकांचंच शूटिंग केलं आणि घरी येऊन ते संथ गतीने पाहिलं. एक्केचाळिसाव्या सेकंदाला बत्तीसपैकी अठ्ठावीस जणांचा चघळता जबडा थांबत होता.

त्या सेकंदाला भूत नव्हतंच. भिंतीवर एक नोटीस बोर्ड होता. रिकामा वाईट दिसतो म्हणून जास्मिनने त्यावर एक कागद लावला होता: ‘कृपया नोंद घ्यावी. येत्या रविवारी कारखाना चालू राहील.’

“म्हणजे मी कट?” मोईजने विचारलं.

“तू मागे उभा राहा. धूसर.”

नोटीस आता पडदाभर दिसू लागली आणि सूचनांना खरा जोर चढला. ‘एचआर कधी कृपया लिहीत नाही.’ ‘संदर्भ क्रमांक कुठाय?’ ‘तारीख टाका.’ ‘बदली सुट्टी मिळणार नाही, हे लिहिल्याशिवाय खरी वाटत नाही.’ जास्मिनने सगळं घातलं. कंपनीचं नाव तेवढं जाणूनबुजून टाळलं. शुक्रवारी तीस जणांनी ‘हो’ लिहिलं.

“म्याबी घाबरलो,” काकांनी मान्य केलं. “पन दोघं राहिल्यात. हिरवं न्हाई लावायचा.”

त्या बसमधल्या विक्कीने नोटिशीचा फोटो गंमत म्हणून दुसऱ्या शिफ्टच्या ग्रुपवर टाकला. खाली हसणारा चेहरा टाकायचा राहून गेला.

रविवारी सकाळी काकांनी दार वाजवलं. “चल पोरी. तुझे प्रेक्षक आल्यात.”

मोईजच्या गाडीवरून, काकांच्या स्कूटरमागे ती चाकणला पोहोचली, तेव्हा गेटवर डबे घेतलेली त्रेचाळीस माणसं उभी होती. वॉचमन आत सोडत नव्हता आणि नोटीस आहे म्हटल्यावर कोणी परत जात नव्हतं. एक जण सासरवाडीचं मटण सोडून आला होता आणि ते प्रत्येकाला सांगत होता. काका सारखा गळ्यावरून रुमाल फिरवत होते. ट्रेलर बसमध्ये त्यांनी लावला होता. कंपनीने कॉलेजला एक पत्र लिहिलं तरी कॅमेरा गेला, आणि काकांची नोकरी जायला तर पत्राचीही गरज नव्हती.

तेवढ्यात प्लांट मॅनेजर दिग्विजय सरांची कार आली. सर हाफ पँटवर होते.

“ही नोटीस कोणी काढली? मला कोणी कळवलं नाही.”

“मग तुम्ही कसे आलात सर?” वॉचमनने विचारलं.

“संदर्भ क्रमांक होता ना,” सर म्हणाले.

जास्मिन पुढे झाली. “सर, नोटीस माझी आहे. काकांचा काही दोष नाही.” तिने पहिल्या फॉर्मपासून सगळं क्रमाने सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी माणसांकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

“बरं. आता सगळे आलाच आहात, तर...”

त्रेचाळीस चेहरे एकदम पांढरे पडले. एकाच्या हातून डबा सुटला. मोईज तर कंपनीत कामालाही नव्हता, पण तोही दोन पावलं मागे सरला. जास्मिनचा फोन हातातच होता, आणि चालू होता.

“...तर समोरच्या टपरीवर चहा घ्या आणि घरी जा,” सर म्हणाले. “मलाही जायचंय.”

चहाबरोबर जास्मिनने फॉर्म वाटले. चेहरे वापरायची परवानगी सगळ्यांनी दिली. ‘घाबरलात का?’ला सरांसकट चव्वेचाळीस ‘हो’ आले. सरांनी सूचनेच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘खाली माझी सही हवी होती.’

सोमवारी चेहरे पांढरे पडल्याचे ते चार सेकंद ट्रेलरच्या शेवटी लागले आणि कॅमेरा दिघीला आला. एवढे चांगले नट मिळाले कुठे, असं प्राध्यापकांनी दोनदा विचारलं.

संध्याकाळी ट्रेलर लावण्याआधीच काकांनी हात वर केला. “एक सूचना हाय,” ते म्हणाले. “ते चहाचं बोलणं ठेवू नगं. तिथं भीती मरती.”

“मी ते आधीच काढलंय, काका.”

काकांनी ट्रेलर तीनदा पाहिला, मग खिशातून हिरवं स्टिकर काढलं आणि कॅमेऱ्याच्या पोटाला, लेन्स सांभाळून, चिकटवलं.