आधी मूळ सांगा

एसटीच्या कंडक्टरने विचारलं, की माणसं आपल्या गावाचं नाव सांगून तिकीट घेतात. आमचे शेजारी बाबूतात्या उलट कंडक्टरलाच विचारतात, "आधी मूळ सांग. गाव खंयचा तुझा? आवशीचा माहेर खंय?" गाव आणि आईचं माहेर, दोन्ही उत्तरं मिळेपर्यंत त्यांचा हात खिशात जात नाही. मागचे उतारू ओरडतात, तात्या ढिम्म.

धंद्यानेच लावलेली खोड ती. तात्या हापूसची कलमं बांधतात. आमच्या मिठबावातल्या निम्म्या बागा त्यांच्या बोटांतून उगवल्या आहेत. हे मी छाती फुगवून सांगतो. मी नाही सांगितलं तर तात्या सांगतीलच. कोयीपासून आपोआप उगवणाऱ्या रायवळ आंब्याला ते आंबा म्हणतच नाहीत. "ता झाड न्हय, वाट चुकलेलो पावणो!" तरी त्यांच्याच बागेत, मांगराच्या म्हणजे राखणीच्या खोपीच्या दारात, एक आंबटढाण रायवळ उभं आहे. का ठेवलंत विचारलं, की म्हणतात, "हापूसाक आपली किंमत कळाक व्हयी."

अशा माणसाला सोरायसिस झाला. कोपरांवर, गुडघ्यांवर चंदेरी पापुद्रे. तात्यांनी तेही मिरवलं. "देवान माका तांबोशी मासो करूक घेतल्यान आणि अर्ध्यार सोडून दिल्यान!" पुढे दुखणं सांध्यांत उतरलं. बोटं सुजली, सकाळी मूठ मिटेना, आणि एक दिवस कलमाचा चाकू हातातून गळून पडला. तेव्हा मात्र तात्यांचं मिरवणं थांबलं. त्याच साली त्या रायवळाला भिरूड लागलं. किड्याने खोड आतून पोखरलं.

शिमगा झाला आणि तात्या माझ्या दारात उभे. "वसंता, गाडी काढ. पावसात माका एक कलम बांधूचा आसा. एकच. त्येका बोटां व्हयी."

"मी बांधतो की तात्या."

"तू? तुझ्या हातान घरातली तुळस जगाक नाय!"

गोळ्यांनी भागलं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बायोलॉजिक इंजेक्शन घेऊ. तात्या डॉक्टरांपुढे कोर्टात उभं राहिल्यासारखं शुद्ध मराठी बोलतात.

"बाईसाहेब, आपण या इंजेक्शनांचे मूळ सांगावे."

"जिवंत पेशींपासून बनवतात, तात्या."

तात्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "आयकलंस? कलमाच ती!"

बाईंनी तीन इंजेक्शनं पुढे ठेवली आणि तिन्हींची उलटतपासणी सुरू झाली. पहिलं जुनं, सांध्यांना खात्रीचं. दुसरं कातडी आणि सांधे दोन्ही बघणारं, पण आतड्याचं जुनं दुखणं असेल तर नको. तिसरं कातडीला फार चांगलं, सांध्यांना जरा सावकाश, पण सुया दोन-तीन महिन्यांच्या अंतराने. तात्यांनी डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला, "पहिले आणि तिसरे एकावर एक बांधून द्यावे."

बाई हसून म्हणाल्या, "दोन बायोलॉजिक एकत्र देत नाहीत, तात्या. शरीराची राखण फार सैल पडते."

"मग पहिले. जुने खोड बरे."

"बरं. पण आता तुमचंही मूळ सांगा. घरात कधी कोणाला क्षय झाला होता?"

"नाही." उत्तर फारच लवकर आलं.

"नीट आठवा. अंगात क्षय झोपलेला असेल, तर हे इंजेक्शन त्याला जागं करू शकतं."

तात्या आपल्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिले. मग शुद्ध मराठी गळून पडली आणि ते माझ्याकडे वळले. "तुझ्या काकीक झाल्लो."

सुमतीकाकी म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन चार वर्षं झाली.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्सा. कोणाक सांगूक नाय. लोक तिच्या हातचा पाणी पियाले नसते."

मला एकदम आठवलं. मी लहान असताना तात्या बायकोला घेऊन बागेतल्या मांगरात राहायला गेले होते. आंबे राखायला, म्हणायचे. भर पावसात! सगळा गाव हसला होता, आम्ही पोरं तर सर्वांत जास्त. तात्यांनी ते हसू मुकाट्याने घेतलं, इतकी वर्षं.

"तोंडाक चव नव्हती तिच्या. माझ्या हापूसाक हात लावीना. खंयचो तरी आंबट रायवळ मागून खाल्ल्यान आणि कोय मांगराच्या दारात रुजत घातल्यान."

तपासणीत तात्यांच्या अंगात क्षय झोपलेलाच निघाला. बाईंनी निर्णय फिरवला. आधी क्षयाच्या गोळ्या आणि मग तिन्हींतलं दुसरं इंजेक्शन. त्याने क्षय जागा होण्याची भीती कमी. तात्यांनी पोटावर हात मारला. "आतडी लोखंडाची आसत!"

श्रावणात मांगराच्या दारात बसून तात्यांनी चाकू धरला. बोटं अजून थोडी वाकडी होती, पण हलत होती. पोखरलेल्या रायवळाची एक काडी त्यांनी कोवळ्या रोपावर बसवली आणि पट्टी गुंडाळली. मी हात पुढे केला तर कोपराने दूर ढकललं.

महिन्याभराने त्या काडीला तांबूस पालवी फुटली. हापूस बांधणाऱ्या माणसाने रायवळाचं कलम बांधलं, म्हणून गाव पुन्हा हसायला लागला.

"तात्या, लोक याचं मूळ विचारतायत. काय सांगू?"

तात्यांनी अंगठ्याने पालवीवरचं पाणी टिपलं.

"सांग. माझ्या बायलेन आजारपणात लावल्यान, म्हणान सांग. आजार खंयचो होतो, ता पण सांग."