बिनकंसाचे संच

आटपाट अंबरपेठ होती. तिथं एकनाथराव नावाचे गणिताचे मास्तर राहायचे, जयवंता नावाची त्यांची बायको होती, प्रणिता नावाची लेक होती. सगळं बरं चाललं होतं, तोवर मास्तरांच्या मनात आलं, आपलं संचांचं पुस्तक आपणच कॉम्प्युटरवर जुळवावं. बाहेर दिलं की लोक चुका करतात. (घरच्या घरी केलेल्या बऱ्या.)

लाटेक नावाचा प्रोग्राम घेतला. त्यात आधी खुणाखुणांनी लिहायचं, मग त्यावरून तो छापायचं पान तयार करतो. उन्हाळाभर मास्तर लिहीत बसले. संच म्हटला की दोन्हीकडं महिरपी कंस आलेच. जयवंताबाई शेजारी बसून, ब्लाउजचे हूक तपासावेत तसे, उघडलेला प्रत्येक कंस बंद झालाय का बघायच्या.

"नाना, तयार पान बघा की एकदा," प्रणिता म्हणाली.

"मीच लिहिलंय. त्यात बघायचं काय?"

अफझलगंजच्या नामदेवरावांनी पुस्तक छापलं, पहिला गठ्ठा घरी आला. मास्तरांनी पहिलं पान उघडलं. आकडे होते, स्वल्पविराम होते, कंस एकही नव्हता. शेवटच्या पानापर्यंत तीच गत.

"जयवंता, तू कीबोर्ड ओल्या फडक्यानं पुसलास?"

"पुसला. पुसल्यानं जात असतं तर तुमच्या बनियनचे डाग कधीच गेले असते."

प्रणितानं कपाळाला हात लावला. "नाना, नुसता कंस दिला की लाटेकला वाटतं, हा आपल्यासाठी हुकूम आहे. तो गिळून टाकतो. कंसाआधी उलटी तिरपी रेघ द्यायची, मग छापतो."

रिकाम्या संचाचं उदाहरण तर बघवेना. मास्तरांनी हौसेनं लिहिलं होतं: लेखकाच्या चुका, = ही खूण, पुढं रिकामा कंस. आता खुणेपुढं नुसती कोरी जागा. आणि सोमवारी हेच पुस्तक क्लासच्या पोरांच्या हातात जाणार.

त्यांनी नामदेवरावांना फोन लावला. "सगळं रद्दीत घाला."

"कैकू सर? वर शिक्का मारतो की. 'सराव पुस्तिका, कंस स्वतः घाला.'"

पोरांनी कंस घातले. घालून घालून त्यांना संच असे पाठ झाले की हिमायतनगरचे क्लासवालेही पुस्तक मागायला आले. दुसरी आवृत्ती ठरली. नामदेवरावांची एकच अट, "सर, दुरुस्त नक्को करा."

अशी मास्तरांना त्यांची चूक फळली, तशी तुम्हाआम्हाला आपापली फळो.

लेखकाच्या चुकांपुढच्या कोऱ्या जागेत सगळ्या पोरांनी एकच उत्तर लिहिलं: कंस. जयवंताबाईंना मात्र ती जागा पुरली नाही. त्यांनी मागचं कोरं पानही भरलं, आणि दुसऱ्या आवृत्तीत तिथं जरा ऐसपैस जागा सोडा, असा नामदेवरावांना निरोप धाडला.