पाच वर्षांवर प्रवेश नाही

पेडण्याच्या बाजारात आमच्या घरासमोर एक तावेर्न आहे. तावेर्न म्हणजे दारूचा गुत्ता, हे गोव्याबाहेरच्यांसाठी सांगितलं. गेल्या वर्षी तिच्या दारावर पाटी होती: ‘पाच वर्षांवरील व्यक्तींस प्रवेश नाही.’ गावात नवा आलेला माणूस ती पाटी दोनदा वाचायचा आणि आपण अजून काही प्यायलेलो नाही ना, याची मनाशी खात्री करून घ्यायचा.

मालक पुंडलिकमामा. तीस वर्षं फेणी विकली, पण स्वतः थेंब चाखला नाही. नुसत्या वासावरून मात्र काजू कुठल्या डोंगरावरचे ते सांगत. बायको वारली, मुलगा बायकोपोराला घेऊन इंग्लंडला गेला, तेव्हा मामांनी दुकान बंद केलं. गिऱ्हाइकं सुतक पडल्यासारखी हिंडली. मग एका डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, सकाळी आठला मामांनी दार उघडलं. गिऱ्हाइकं धावत गेली, तर आत बाकांवर अख्खी बालवाडी बसलेली!

आमच्याकडची थंडी ती केवढी? पण धुकं पडलं की पेडणं माकडटोपी चढवतं. पोरांना ऊब हवी म्हणून हा खटाटोप, असं मामा सांगत. जिरं, धणे, आलं उकळून केलेला कशाय, आणि गूळ-वेलची घातलेला नारळाचा गरम रस. दिवाळीचाच आकाशकंदील पुन्हा टांगलेला. पेलेही जुनेच, फेणीचे. पेल्याला तिथे कोप म्हणतात. पहिला थेंब गावच्या राखणदार देवाच्या नावाने जमिनीवर, हा गुत्त्याचा रिवाज मामांनी पोरांनाही लावला. परिणामी घरोघरी पोरं दुधाचा पहिला घोट हात जोडून फरशीवर ओतू लागली. माझ्या मुलीने, मुक्ताने, तो पाहुण्यांच्या बुटात ओतला.

पण खरा नियम दुसराच.

“आदीं गाऱ्हाणें, मागीर कोप!” मामा गरजत.

मामांचं म्हणणं, माणूस गुत्त्यात तहान लागली म्हणून येत नाही, मनातलं सांगायला येतो. तेव्हा पोरांनीही आधी दुःख सांगायचं. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून ऐकत असे. “म्हजो भाव म्हाका पेंगट म्हणटा.” पेंगट म्हणजे बावळट. “चेंडू लागून म्हजो दांत हालता, पूण पडना.” मामा कपाळाला आठ्या घालून ऐकत, मान हलवत, आणि दात न पडणाऱ्याला अर्धा कोप जास्त देत. वरून मोपाच्या विमानतळावरचं विमान गेलं की मात्र ओतता ओतता त्यांचा हात थांबे. “कोप हालता,” म्हणत. माझ्या डोळ्यांना कधी कोप हललेला दिसला नाही.

दुसऱ्या वर्षी घात झाला. चार वर्षांच्या सोहमने दुःख मांडलं, “आमची आजी संकष्टीक सुंगटां खाता आनी म्हाका दिना!”

सुंगटं म्हणजे कोळंबी. आजी म्हणजे द्वारकाकाकी, गावातल्या सगळ्या उपासांच्या अध्यक्षा. मामांच्या तोंडून शब्द बाहेर गेला नाही, पण बाकावर आणखी दहा तोंडं होती. दुपारपर्यंत बातमी मासळीबाजारात पोचली. त्यानंतर घराघरांतून विचार झाला की आज कोळंबी निघाली, उद्या काय निघेल? आमच्या घरातही झाला, उगाच खोटं कशाला बोलू?

म्हणून गेल्या डिसेंबरात मामांनी दार उघडलं आणि कोणीच आलं नाही. दोन दिवस पातेलं चुलीवर तसंच. तिसऱ्या दिवशी मुक्ता हट्टाला पेटली. तिला घेऊन गेलो, तेव्हा मामा रिकाम्या बाकांसमोर अकरा कोप मांडून बसले होते. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामांनी भरला कोप पुढे केला. मुक्ताने हात मागे घेतला.

“आदीं तुजें गाऱ्हाणें.”

मामा हसले. “म्हजें? म्हाका कोणें विचारूंकच ना केन्ना.”

“तर आतां सांग.”

त्यांनी भरला कोप खाली ठेवला आणि पंच्याने रिकामा पेला पुसायला घेतला.

“म्हजो नातू,” ते म्हणाले, “फोनार म्हाका ‘अंकल’ म्हणटा.”

“ल्हान आसा?” मुक्ताने विचारलं.

“ह्या म्हयन्यांत पांच पुराय जालीं.”

मी पाटीकडे पाहिलं. पाचाच्या आकड्याखाली खरवडलेला चार दिसत होता, आणि त्याखाली पुसट तीन. दर वर्षी आकडा बदलतो हे आम्ही सगळे बघत होतो आणि म्हाताऱ्याचा चक्रमपणा म्हणून हसत होतो.

मी तडक द्वारकाकाकींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. काकींनी सोहमच्या डोक्यावर टोपी ओढली, त्याला पुढे घातलं आणि गुत्त्यावर आल्या. द्वारकाकाकी पोराला घेऊन गेल्या म्हटल्यावर बाकीच्या आयांची काय बिशाद! अर्ध्या तासात बाकं भरली.

काकी स्वतः वयात बसत नव्हत्या, म्हणून पायरीवर टेकल्या. मामा कोप घेऊन बाहेर आले आणि सवयीने बोलून गेले, “आदीं गाऱ्हाणें.”

काकींनी पदर सावरला. इकडेतिकडे पाहिलं. “म्हाका उपास सोसना, पुंडलिका. तीस वर्सां जालीं. कोणाक सांगूं?”

मामांनी मान हलवली आणि त्यांना अर्धा कोप जास्त दिला.

यंदा पाटीवर सहा आला. मामा शिडीवर चढले होते, खाली रंगाचा डबा मी धरला होता. वरून विमान गेलं, तेव्हा मामांचा हात थांबला.

मीही वर बघत राहिलो.