रेडिओ बंगल्याची खरी नक्कल

बापूंच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस तिसऱ्या पायरीवर हटकून ठेचकाळतो, आणि त्याला सावरायला धावण्याऐवजी बापू खूश होतात. "लागली ना? बराबर. पहिल्यापासून तशीच हाय ती," असं म्हणतात आणि मग पाण्याचा तांब्या आणायला आत जातात. ती पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच आहे. मधली काही वर्षं ती सरळ होती. बापूंनी गवंडी लावून ती मुद्दाम पुन्हा उंच करून घेतली. माझ्या उजव्या नडगीला या कामाची पूर्ण माहिती आहे.

मी भोकरदनला शाळेत मराठी शिकवतो आणि बापूंच्या समोर राहतो. बापू तहसील कचेरीतून निवृत्त झाले. सगळी नोकरी नकला विभागात गेली. जुने फेरफार आणि सातबारे हाताने उतरवायचे आणि खाली 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचा. या कामाचा धर्म असा की मूळ कागदात चूक असेल तर नकलेतही ती यायला हवी. कुणा पांडुरंगाचा 'पाडुरंग' झालेला असला तर त्याला अनुस्वार द्यायचा अधिकार नक्कल करणाऱ्याला नाही. आयुष्यभर लाल पेनाने अनुस्वार देत आलेल्या माझ्यासारख्याला असा शेजारी मिळावा, हा नशिबाचा चावटपणाच म्हणायचा.

त्यांच्या घराला गाव 'रेडिओ बंगला' म्हणतं. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला ते त्यांच्या थोरल्या भावाने, दादांनी बांधलं. दादा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. कुठल्याशा सरकारी वसाहतीत नव्या तऱ्हेची घरं पाहून आले आणि तसलंच एक इथे उभं केलं. सपाट स्लॅब, पोर्चला तिरके लोखंडी पाईप, आत मोझॅकची फरशी, दर्शनी बाजूला भिंतभर सिमेंटची जाळी आणि जाळीच्या वर दोन गोल खिडक्या. मातीच्या आणि पत्र्याच्या घरांत ते थेट फळीवर ठेवलेल्या रेडिओसारखं दिसायचं, म्हणून नाव पडलं.

वडील लवकर गेल्यामुळे बापूंना दादांनीच वाढवलं. बापूंच्या शाळेची फी, मुंज, लग्न सगळं दादांनी केलं. दादा वरच्या मजल्यावर आणि बापू खाली असं वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने चाललं. मग वीसेक वर्षांपूर्वी बापूंच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे ठरले आणि बापूंच्या अंगात नवेपणा संचारला. दादा तेव्हा काशीला गेले होते. तेवढ्या तीन आठवड्यांत बापूंनी मोझॅकवर चकचकीत टाइल्स चढवल्या, लोखंडी खिडक्या काढून काळ्या काचांच्या सरकत्या खिडक्या बसवल्या आणि जाळी घणाने फोडून तिथे भिंत घातली. दादा परत आले. गंगेचा गडू हातात घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "जाळी होती तशी दिसल, त्याच दिवशी या उंबऱ्यात पाय ठेवीन." तसेच ते जालन्याला मुलाकडे निघून गेले. पुतणीच्या लग्नाला मंगल कार्यालयात आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. त्यानंतर दोघा भावांचं बोलणं नाही.

दुसरा कोणी असता तर आठ दिवसांनी जालन्याला जाऊन भावाचे पाय धरले असते. बापूंनी ते वाक्य सरकारी हुकूम म्हणून घेतलं. जाळी झाली की दादा येणार, त्याआधी नाही. आणि नुसती जाळी केली अन् बाकीचं तसंच ठेवलं तर नक्कल खरी कशी? निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते छिन्नी-हातोडा घेऊन टाइल्स उकरायला बसले. मी विचारलं, हे काय चाललंय? म्हणाले, "घर जशास तसं करून राह्यलो, सर."

मला राहवलं नाही. म्हटलं, "बापू, 'जशास तसं' म्हणजे कोणी आपल्याशी वाईट वागला तर आपणही त्याच्याशी तसंच वागायचं. तुम्हाला म्हणायचंय ते 'जसंच्या तसं'."

"तुमच्या पुस्तकात आसंल. आपल्या घरात जशास तसं म्हंजे होतं तसं."

पुढची सात वर्षं हेच ऐकत आलो. भाजीवाला असो की पोस्टमन, बापूंचं उत्तर ठरलेलं. टाइल्स रोज चारच उकरायच्या, कारण खालच्या मोझॅकला टवका उडता कामा नये. जुन्या लोखंडी खिडक्या जालन्याच्या भंगारात सापडल्या, पण त्यांच्या कड्या नव्या धाटणीच्या होत्या म्हणून दोन वर्षं खिडक्या सुतळीने बांधून ठेवल्या. कड्या शेवटी आष्टीच्या बाजारात मिळाल्या. खटक्याची काळी बटणं बसवली, तीही अशी की पंख्याचं बटण दाबलं की दिवा लागतो, कारण पूर्वी वायरमनने तसंच करून ठेवलं होतं. कमलकाकू, म्हणजे बापूंच्या सौभाग्यवती, पदर खोचून धूळ झाडत म्हणायच्या, "घर होतं तसं झालं, सर. आता माझे दात तेवढे होते तसे बसवा म्हणावं यांना."

खरा प्रश्न जाळीचा होता. तसले ठोकळे आता कोणी पाडत नाही. मूळ गवंडी धावडा गावचा. तो वारला, पण ठोकळ्यांचा लाकडी साचा त्याच्या घरी रांजणाखाली टेकू म्हणून दिलेला निघाला. तो आणायला जाताना बापू त्याच मापाचा दगडी टेकू सोबत घेऊनच गेले. रांजण हलला आणि परत बसला, तरी पाण्याचा थेंब सांडला नाही असं ते अभिमानाने सांगतात.

जाळी चढत असताना रफिक मिस्त्रीने एक दिवस काम थांबवलं. जाळीतला एक ठोकळा उलटा बसवायला बापू सांगत होते.

"बापू, उलटा दिसून राह्यला तो. लोक मला नावं ठेवतील."

"उलटाच होता. हे बघ." बापूंनी जुना फोटो आणि भिंग पुढे केलं. फोटोत दादा, वहिनी आणि अर्ध्या चड्डीतले बापू जाळीपुढे उभे होते आणि दादांच्या डोक्यावर तो ठोकळा खरंच उलटा होता. रफिकने कपाळाला हात लावला आणि बिलकुल तसाच बसवून दिला.

गेल्या माघात काम पूर्ण झालं. मी म्हटलं, आता दादांना बोलवा. बापूंनी माझ्याकडे नवशिक्या कारकुनाकडे पाहावं तसं पाहिलं. "बोलवायचं काय त्याच्यात? जाळी दिसल त्या दिवशी येतो म्हणलेत. झाली म्हणून सगळ्या गावाला म्हाईत हाय. येतील." आणि ते रोज दुपारी धुतलेला सदरा घालून पोर्चमध्ये बसू लागले. जालन्याची बस आली की उठून उभे राहायचे, रिक्षा वळली नाही की परत बसायचे. दोन महिने हे चाललं. मला समोरच्या खिडकीतून ते बघवेना.

एकदा कमलकाकूच माझ्याकडे आल्या. "सर, हे काही जायचे न्हाईत. तुम्ही तरी जाऊन या. दादांनी यांना लेकरावाणी संभाळलं हो. आता हे जेवायला बसले तरी दाराकडं बघून राह्यतात."

मी गेलो. दादा मुलाच्या घराच्या ओट्यावर बसले होते, ऐंशी ओलांडलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. बापूंचं नाव काढताच तोंड फिरवून म्हणाले, "कशाला येऊ? तिकडून येणारा प्रत्येकजण सांगून राह्यला. तुमचा भाऊ म्हणतो, जशास तसं करणार. माझ्यावर डूख धरून बसलाय तो. वीस वर्षं झाली तरी."

मला हसू आलं. वर्गात शेकडो पोरांना जो फरक सांगितला, तो मी त्या ओट्यावर दादांना सांगितला. हा माणूस चुकीचं मराठी बोलतो, दादा, त्याला म्हणायचं होतं की तुम्ही बांधलं होतं तसं. दादांनी काठीच्या मुठीवर हात घासला. मग म्हणाले, "उद्या गाडी काढायला सांगतो पोराला."

रात्री मी तिथेच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो. बापू जाळीशेजारी उभे राहिले, साहेब तपासणीला आल्यावर राहायचे तसे. दादा मुलाच्या आधाराने नाही, काठीच्या आधाराने चढले, जाळीकडे न बघता सरळ आत गेले आणि खुर्चीवर टेकले.

"दादा, जाळी..." बापू माझ्याकडे बघून अडखळले. "होती तशी केली."

"चांगलीच केली आसंल. मला नीट दिसत न्हाई रे."

"तुम्ही म्हणले होते ना, जाळी दिसल त्या दिवशी..."

"काय म्हणलो होतो ते मला आठवत बी न्हाई. राग आल्ता, बोलून गेलो." दादांनी काठी बाजूला ठेवली. "तू एकदा 'या' म्हणला असतास, तर त्या काळ्या काचांच्या घरात बी आलो असतो."

कमलकाकू चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. बापूंचं तोंड उतरलं. इतकी वर्षं ज्या हुकमाची त्यांनी अक्षरशः अंमलबजावणी केली, तो हुकूमच नव्हता. मला त्यांची इतकी दया आली की मी खाली बघू लागलो.

"या ना, दादा," बापू अगदी हळू म्हणाले. दादा तर घरात येऊन बसले होते, चहाही आला होता.

पण दादांनी काठी घेतली आणि उठले. कुणाचा हात न धरता दारापर्यंत गेले, उंबरा ओलांडून बाहेर पोर्चमध्ये जाऊन उभे राहिले आणि वळले. "आता म्हण," म्हणाले.

बापू रडत होते, आणि लपवतही नव्हते. दादा वाट बघत उभे राहिले.

"या," बापू म्हणाले, आणि दादा आत आले.