उभ्या गाडीचा दोष

माणूस जन्माला येतो तेव्हा मोठ्याने रडतो. पण त्या रडण्यावरून त्याने कोणतीही जबाबदारी मान्य केली, असे धरले जात नाही. त्यानंतर मात्र तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द त्याच्यावर शेकू शकतो. जगातल्या विचारवंतांना हे फार उशिरा कळले. वाहनविमा कंपनीच्या दावे विभागाला ते पहिल्यापासून ठाऊक होते.

या विभागात शून्यसाहेब बसत. बावीस वर्षे गाडी चालवून त्यांच्या नावावर एकही अपघात, एकही दावा, एकही ओरखडा नव्हता, म्हणून हे नाव. (ते पाठीमागे घेतले जाई. तोंडावर घेतले असते तरी त्यांना आवडलेच असते, इतके ते शून्यावर खूश होते.) विभागाच्या भिंतीवर ‘निर्दोष चालक’ अशी पितळी ढाल टांगलेली होती आणि तिच्यावर ओळीने सहा वर्षे त्यांचेच नाव कोरलेले होते. कोरणाऱ्याने सातव्या वर्षाची जागा आधीच घासून ठेवली होती.

पण साहेबांचे खरे जीवितकार्य म्हणजे त्यांनी लिहिलेले एक पत्रक. ‘अपघातानंतर पाळावयाचे मौन’ हे त्याचे शीर्षक. प्रत्येक ग्राहकाला ते विम्याच्या कागदांसोबत मिळे. त्यातली मुख्य कलमे अशी:

एक. अपघातस्थळी माफी मागू नये. माफी म्हणजे कबुली.

दोन. ‘मी’ हा शब्द टाळावा. गाडी स्वतःच्या मर्जीने चालत होती, अशा बेताने बोलावे.

तीन. समोरच्याची विचारपूस करावीशी वाटल्यास ती मनातल्या मनात करावी.

चार. समोरच्याने माफी मागितल्यास घड्याळ पाहून वेळ नोंदवावी.

हे पत्रक निघाल्यापासून अपघात कमी झाले नाहीत, पण चुका एकसष्ट टक्क्यांनी घटल्या. लोक पूर्वीइतकेच एकमेकांवर आदळत होते. फक्त आता कोणी कोणाला ठोकत नव्हते. गाड्या आपल्या आपण भेटत होत्या. एका पत्रकाने समाजाचे चारित्र्य एवढे सुधारल्याचे दुसरे उदाहरण निदान त्या कचेरीत तरी कोणाला माहीत नव्हते.

आता त्या शनिवारकडे वळू.

एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर चष्म्याचे दुकान होते, वरच्या मजल्यावर व्यायामोपचाराचे केंद्र होते आणि तळघरात गाड्या लावायची जागा होती. साहेबांच्या डोळ्यांचा नंबर वाढला होता. दुकानदाराने चष्मा ठेवून घेतला आणि म्हणाला, “जुन्याच फ्रेममध्ये काचा बसवून देतो. अर्ध्या तासात या.” अर्धा तास रिकामे बसणे साहेबांच्या स्वभावात नव्हते. गाडी लिफ्टपासून लांब लागली होती, ती तेवढ्यात जवळ आणून लावावी असा विचार करून ते तळघरात उतरले. चष्म्याशिवाय. (दाव्याच्या अर्जात ‘चालक चष्मा वापरतो काय?’ असा रकाना आहे. ‘त्या वेळी चष्मा कुठे होता?’ असा नाही. अर्ज साहेबांनीच तयार केला होता.)

तळघरात कॅमेरा होता. तो ‘आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात’ या पाटीवर रोखलेला होता, कारण ती पाटी दोनदा चोरीला गेली होती. शेजारच्या रांगेत एका निळ्या गाडीत कोणीतरी बसलेले होते. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

साहेबांनी गाडी मागे घेतली. मागे त्यांना एक मोकळी, चंदेरी रंगाची जागा दिसत होती. ती जागा म्हणजे एक गाडी होती. पत्र्याचा डबा पायाखाली यावा तसा आवाज झाला.

चंदेरी गाडीतून एकाहत्तर वर्षांच्या बाई उतरल्या. छत्तीस वर्षे रुग्णालयात नोकरी केलेल्या सिस्टर. वर केंद्रात त्यांचे यजमान व्यायाम करत होते. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू आणि बोलणे गेले होते. सोमवार, बुधवार, शनिवार सिस्टर त्यांना गाडीने आणत आणि खाली थांबत. त्यांचे इंजिन चाळीस मिनिटांपासून बंद होते.

छत्तीस वर्षे सुई टोचण्याआधी जे म्हटले, तेच सिस्टरच्या तोंडून निघाले.

“माफ करा हं! लागलं का तुम्हाला?”

साहेबांनी घड्याळ पाहिले. अकरा वाजून सात मिनिटे. मग कलमांप्रमाणे तोंड घट्ट मिटून ते बसून राहिले.

“अहो, बोलत का नाही? दादा? ऐकू येतंय का?”

साहेब बोलले नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याला एक सरकारी भारदस्तपणा होता. पण सिस्टरनी असे गप्प बसणे एकदा घरात पाहिले होते. त्यांनी दार उघडले, साहेबांची नाडी धरली आणि हुकूम सोडला, “हसून दाखवा बघू.”

कलमांमध्ये हसण्याबद्दल काही नव्हते. साहेब हसले.

“शाब्बास. आता दोन्ही हात वर करा. सरळ. वर, आणखी वर!”

साहेबांनी दोन्ही हात वर केले. अशा रीतीने, दुसऱ्याच्या गाडीत आपली गाडी घुसवून, दोन्ही हात वर करून, तोंडभर हसत एक माणूस तळघरात बसला होता आणि तरीही त्याने काहीही मान्य केलेले नव्हते. पत्रकाच्या इतिहासातला हा सर्वोच्च क्षण समजावा.

“हात समान उठतायत. झटका नाही,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी आपल्या बाटलीतले पाणी त्यांना पाजले आणि मगच वाकून स्वतःच्या गाडीचे चेपलेले दार पाहिले.

घरी बायकोने बंपर पाहिला. “ठोकलीत का हो?”

“तसं म्हणता येणार नाही.”

“मग कसं म्हणता येईल?”

“दोन वाहनांचा परस्परांशी संपर्क झाला.”

“दुसरी गाडी चालू होती?”

“उभी होती.”

“म्हणजे ती उभ्या उभ्या संपर्कात आली.” बायकोने बंपरवरून बोट फिरवले. “काल माझ्या हातून कप फुटला तेव्हा मला हे सुचलं नाही बघा. मी आपली ‘फोडला’ म्हणून मोकळी झाले. आणि चष्मा कुठाय तुमचा?”

चष्मा दुकानातच राहिला होता. घरापर्यंतही साहेब तसेच आले होते. याचीही नोंद कुठे नाही.

सोमवारी दोन्ही दावे विभागात आले. दोघांचाही विमा त्याच कंपनीत होता. स्वतःचा दावा स्वतः हाताळता येत नाही (कंपनीचे नियम फार कडक), म्हणून तो साहेबांनीच तयार केलेल्या एका तरुण सर्व्हेअरकडे गेला. त्याला सगळे चेला म्हणत. साहेबांच्या अर्जात लिहिले होते: ‘समोरील पक्षाने ११.०७ वाजता माफी मागितली.’ सिस्टरच्या अर्जात लिहिले होते: ‘हो, मी माफ करा म्हणाले. ते खूप घाबरलेले दिसत होते.’

चेल्याचा अहवाल विभागात आजही नमुना म्हणून दाखवतात. त्यातला मुख्य भाग:

‘धडक बसण्यापूर्वी मागे येणाऱ्या वाहनाला विचार करण्यास चार सेकंद मिळाले. उभ्या वाहनाला चाळीस मिनिटे मिळाली. एवढ्या प्रदीर्घ काळात उभ्या वाहनाने तेथून हलण्याचा कोणताही प्रयत्न केल्याचे दिसत नाही. ते तेथे नसते तर अपघात झाला नसता. उलट, मागे येणारे वाहन तेथे नसते तर उभे वाहन तसेच उभे राहिले असते. म्हणजे उभे राहण्याची वृत्ती मूळचीच होती. शिवाय माफी आहे. दोष: उभे वाहन, शंभर टक्के.’

“साहेब, बरोबर झालंय ना?” चेल्याने विचारले.

साहेबांनी अहवाल वाचला. त्यात काढण्यासारखी एकच चूक होती, आणि ती अहवालात नव्हती.

“भाषा चांगली आहे,” ते म्हणाले.

आता विम्याच्या अटींमधले कलम चौदा. सत्तरीपुढील चालकाच्या नावावर एक दोष जरी लागला, तरी त्याचा विमा पुढे चालू राहत नाही. विमा नाही म्हणजे गाडी नाही. हे कलमही साहेबांनी एका दुपारी, जेवण जरा जड झाले असताना लिहिले होते. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर कोणी म्हातारे माणूस नव्हते. कोणीच नव्हते. कलमे लिहायला तसेच बरे पडते.

गुरुवारी सिस्टर हातात पत्र घेऊन विभागात आल्या. साहेबांना पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

“अरे, तुम्ही इथेच असता? बोलता येतंय ना आता?”

“येतं,” साहेब म्हणाले.

“बरं झालं बाई. मला रात्रभर तेच. आमच्या ह्यांचं अगदी तुमच्यासारखंच सुरू झालं होतं, नुसते बघत बसले होते.” त्यांनी पत्र टेबलावर ठेवले. “हे जरा वाचून सांगाल का? मला वाटतं कोणीतरी उलटं लिहिलंय. दोष माझा म्हणे. आणि पुढच्या सोमवारपासून गाडी चालवायची नाही. असं कसं? सोमवारी ह्यांचा व्यायाम असतो. आता कुठे डावा हात धरून चार पावलं टाकायला लागलेत. टॅक्सीवाले थांबत नाहीत हो, ह्यांना बसायलाच दहा मिनिटं लागतात.”

साहेबांनी पत्र वाचून सांगितले. शब्द त्यांचेच होते, त्यामुळे कुठेही अडखळले नाहीत.

सिस्टरनी पत्राची घडी करून पिशवीत ठेवली. मग पिशवी उचलून उठल्या.

“असू दे. तुमच्या हातात काय आहे म्हणा. माफ करा हं, उगीच तुमचा वेळ घेतला.”

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने सवयीने घड्याळ पाहिले आणि लिहून ठेवले: ११.४२.

ते पाहिले आणि शून्यसाहेबांच्या आत काहीतरी पत्र्यासारखे चेपले.

“सिस्टर, बसा,” ते म्हणाले. खणातून त्यांनी ‘दुरुस्तीचे निवेदन’ हा अर्ज काढला. बावीस वर्षांत तो कोणी भरला नव्हता; साहेबांनी त्यात मजकुराला दोनच ओळी ठेवल्या होत्या. दोन पुरल्या. ‘गाडी मी ठोकली. चष्मा दुकानात होता.’

“साहेब, ढाल जाईल!” चेला कुजबुजला. साहेबांनी सही केली. आपण फार थोर आहोत असे त्यांना वाटले, सुमारे चार सेकंद.

मग चेल्याने अर्ज उलटून पाहिला आणि हळहळून म्हणाला, “पण साहेब, मागे टीप आहे. कबुली कंपनीच्या पूर्वपरवानगीने दिलेली नसेल तर ती धरता येत नाही. नाहीतर मग एक त्रयस्थ साक्षीदार लागतो. टीप तुमचीच आहे.”

टीप त्यांचीच होती. अक्षर बारीक असले तरी नव्या काचांमधून स्वच्छ दिसत होते.

परवानगी मागितली. ‘कंपनी आपल्या ग्राहकांच्या निर्दोषत्वाचा आदर करते’ असे उत्तर आले. ढालीवर सातव्यांदा त्यांचे नाव कोरले गेले. निषेध म्हणून ते समारंभाला गेले नाहीत. ढाल मिळवणाऱ्याचा नम्रपणा म्हणून त्याचेही कौतुक झाले.

सध्या सोमवार, बुधवार, शनिवार साहेब अर्धी रजा टाकून सिस्टरच्या यजमानांना नेतात. तळघरात गाडी लावताना सिस्टर खाली उतरून मागे उभ्या राहतात आणि ओरडतात, “येऊ द्या, येऊ द्या... बस्स!” रजा उन्हाळ्यापर्यंत पुरेल. पुढचे माहीत नाही. (हे सगळे लिहिणारा कोण, हे वाचकाने ओळखले असेलच. त्याने ‘मी’ टाळला आहे. कलम दोन अंगवळणी पडले आहे.)

राहता राहिला साक्षीदार.

त्या शनिवारी निळ्या गाडीतल्या माणसाने आवाज ऐकला, मान वर केली, सगळे पाहिले. मग आपल्याला कशाला नसती भानगड, असे म्हणून काच वर केली. गाडीचा नंबर कोणी घेतला नाही. पण काचेमागचा चेहरा सिस्टरच्या लक्षात आहे. हात वर केलेल्या त्या माणसाकडे पाहून तो हसत होता, साधारण आपण मघाशी हसलात तसाच.

साक्षीदाराचा रकाना अजून रिकामा आहे. कचेरी दहा ते पाच उघडी असते. येताना पेन आणावे. इथले दोरीला बांधलेले आहे आणि त्याने अक्षर उठत नाही.