वस्ताद आणि अण्णांचा उजवा हात

आमच्या कात्रजच्या सोसायटीत कुणी नवीन राहायला आलं, की सोपान वस्ताद आधी त्याची मान चाचपतात. नाव-गाव नंतर. मानेवर तो पंजा पडला की भलाभक्कम माणूस जागच्या जागी दोन इंच खचतो. मग निकाल लागतो, "कच्ची हाय. दूध प्या." आमच्या चेअरमनना त्यांनी भर सभेत हे ऐकवलं होतं. त्या सभेत तेवढी एकच गोष्ट सगळ्यांना पटली.

वस्तादांचं वय अठ्ठ्याहत्तर. आखाड्यात मोडून मोडून कानांची भजी झालेली. एके काळी त्यांची कुस्ती लागली की लोणी काळभोरपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही जत्रेतले पाळणे रिकामे फिरायचे, असं जुनी माणसं सांगतात. वस्ताद स्वतः मात्र फक्त हरलेल्या कुस्त्या सांगतात. "जिंकल्याली लोक सांगत्यात की. हरल्याली आपल्यालाच सांगाया लागती." मानाच्या गदेवर त्यांच्या घरी टॉवेल वाळत असतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा हिंजवडीला असतो. ट्रॅफिकमुळे तो एकदम दिवाळीलाच पोचतो.

गेल्या वर्षी माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. अण्णा म्हणजे रिटायर्ड हेडक्लार्क, ताठ माणूस. सुनेच्या हातून भरवून घ्यायची इतकी लाज, की ते जेवणच टाळू लागले. दिवसेंदिवस वाळत चालले. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तर म्हणाले, "मी काय कुत्र्याचं पिल्लू आहे?"

हे वस्तादांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हजर! अण्णांसमोर स्टूल ओढून बसले आणि आपला अगडबंब पंजा त्यांच्या लुळ्या हातात ठेवला.

"दाबा."

अण्णांनी जीव खाऊन दाबलं.

"दाबलं का?"

"दाबलं की!" अण्णा चिडले.

"मला वाटलं माशी बसली."

अण्णांना दुसऱ्याचा पाणउतारा करायची सवय होती, करून घ्यायची नव्हती. झालं, रोज दहाला ही कुस्ती सुरू झाली. तीन महिने वस्ताद आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीचे चार जिने दुखऱ्या गुडघ्यांनी चढून आले. माशीचा मुंगळा झाला, मुंगळ्याचा खेकडा. एक दिवस वस्ताद ओरडले, "मेलो! सोडा, अण्णासाहेब, सोडा!" ते नाटक होतं, हे मला दिसत होतं. पण अण्णांच्या डोळ्यांत चमक आली, आणि त्या दुपारी त्यांनी आपल्या हातानं वरणभात कालवून खाल्ला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

दुसऱ्या दिवशी मी वस्तादांच्या पाया पडलो. म्हटलं, "तुमच्यामुळे माझे वडील मला परत मिळाले. तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आता रोज एवढे जिने चढायचा त्रास नको."

वस्ताद हसले. मग त्यांनी आपला तळवा उलटसुलट करून बघितला.

"म्हंजी... उद्या येऊ नगं?" त्यांनी हळूच विचारलं.

अण्णांनी चष्मा सारखा केला आणि आपला ठणठणीत डावा हात पुढे केला.

"अहो पैलवान, हा राहिलाय अजून. उद्या दहाला या. आणि वेळेवर."