सहा दारं, एक किल्ली

घरात कुणीतरी शिरतंय, असं फौजदारबाई महिनाभर घसा कोरडा होईस्तोवर सांगत होत्या. पण कुणी विश्वास ठेवील तर शपथ!

"साखरेचा डबा चार दिवसांत तळ दाखवतो. माझा चष्मा मी ठेवला तिथं सापडत नाही. आणि काल तर माझी उशी गरम होती, गरम! उशीला काय ताप येतो?"

शेजारच्या बिऱ्हाडातला शिंपी म्हणाला, "वहिनी, उन्हाची तिरीप पडली असेल." त्याच्या पलीकडची नर्स म्हणाली, "रक्तदाब बघू का?" राहता राहिला नवरा. तो खिडकीशी एकट्यानंच पत्ते लावत बसला होता.

"अहो, तुम्ही दिवसभर घरात असता. चोर आला होता का?"

"चोर?" नवऱ्यानं नीट आठवून पाहिलं. "नाही बुवा. चोर नाही आला."

(आणि हे अगदी खरं होतं. त्या माणसानं पोस्टात तेहतीस वर्षं पत्रं निवडली होती. विचारल्याबाहेरचं एक अक्षर बोलायची त्याला सवयच उरली नव्हती.)

फौजदारबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण पाठीमागं अख्खी इमारत तेच म्हणे, आणि आपल्याला ते ठाऊक नाही असं बाई दाखवत.

इमारत दुमजली, तळ्याच्या वाटेवरची. तिचा अर्धा हिस्सा नवऱ्याचा आणि अर्धा त्याच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे वन्संचा. वन्संच्या डोक्यात यंदा आपला हिस्सा बिल्डरला विकायचं आलं. अर्धं घर बिल्डरकडे गेलं की उरलेल्या अर्ध्याचं काय होतं, ते बाईंनी पलीकडच्या गल्लीत बघितलं होतं. तिथं एका कुटुंबाची चूल आता जिन्याखाली होती.

"वन्सं, मला एक हंगाम द्या," बाईंनी बजावलं होतं. "खाली आम्ही आणि दोन बिऱ्हाडं. वर सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तीन खोल्या. एका जरी पाहुण्याची तक्रार आली, तर खुशाल विका."

"तुला झेपायचं नाही. चौथी शिकलेली तू."

"चौथी शिकले म्हणूनच झेपेल. पाचवीत गेले असते तर घाबरायला शिकले असते."

झालं! बाई पदर खोचून कामाला लागल्या. निळ्या रंगाचा एकच मोठा डबा आणला आणि सहाही दारं त्याच रंगात रंगवली. लेकीनं फोनवर खोल्यांची जाहिरात टाकून दिली. घरच्या आणि बिऱ्हाडांच्या कुरबुरींसाठी एक तक्रारवही केली. तिच्यात बाईंनी स्वतः पट्टीनं तीन रकाने आखले : तक्रार, कारण, दोष कुणाचा. तिसऱ्या रकान्यात पानोपानी एकच शब्द होता : 'हे'. नळ गळतो, दोष 'हे'. मांजर ओरडतं, दोष 'हे'. नवऱ्याला तर हुकूमच सुटला होता : "माझ्या धंद्यात तोंड घालायचं नाही. पाहुणा समोर आला की हसायचं, 'या, बसा' म्हणायचं, काय मागेल ते द्यायचं. बास."

मग आला किल्लीवाला.

"मला जुडगा नको," बाई म्हणाल्या. "खुळखुळला की मी कुठं आहे ते सगळ्यांना कळतं. एका किल्लीनं सहाही दारं उघडली पाहिजेत."

"सगळ्यांना एकच किल्ली?"

"एकच."

"बाई, पण मग असं होईल की..."

"पण नाही नि बिण नाही. कुलपं मी विकत घेते का तू?"

किल्लीवाल्यानं हत्यारांची पिशवी उघडली. बाईंच्या मनात होतं की आपल्या किल्लीनं सगळी दारं उघडावीत आणि बाकीच्यांच्या किल्लीनं ज्याचं त्याचं. पण हे मनातच राहिलं. त्यानं बाईंनी सांगितल्याप्रमाणं सहा सारखी कुलपं बसवली, बारा सारख्या किल्ल्या दिल्या आणि तो जो गेला, तो मागं वळूनसुद्धा न बघता.

रोज दुपारी दोन ते चार बाई पाहुण्यांच्या चादरी धुलाईच्या दुकानात पोचवायला जात, आणि चोर नेमका तेवढ्यातच येई. हंगाम सरत आला. वन्सं रविवारी निकाल द्यायला येणार होत्या. घरात चोर शिरतो हे त्यांच्या कानावर गेलं असतं, तर संपलंच सगळं! शनिवारी बाईंनी ठरवलं, आज मुद्देमालासकट धरायचा.

दोन वाजता चादरींचं गाठोडं घेऊन त्या ठसक्यात निघाल्या, कोपऱ्यावरून वळल्या आणि मुद्दाम कडी न लावलेल्या मागच्या दारानं परत आत आल्या. नवरा कुठं दिसेना. बाई खराटा घेऊन पडद्याआड उभ्या राहिल्या.

सव्वादोनला कुलपात किल्ली फिरली.

कुणीतरी जड पावलांनी आत आलं. डब्याचं झाकण वाजलं. मग पलंग करकरला. बाईंचं रक्त उसळलं. आपली साखर, आपला पलंग, आणि पुन्हा आपलीच उशी! पडदा बाजूला करून त्यांनी डोळे मिटले आणि खराटा हाणला.

"सापडला मेला!"

"अगं आई गं! माझी पाठ!"

बाईंनी डोळे उघडले. पलंगावर वन्सं.

"वन्सं, तुम्ही? उद्या येणार होतात ना?"

"सांगून आलं की सगळं झाकून ठेवतात, म्हणून आज आले," वन्सं कण्हत उठल्या. "भावानं वरच्या तीन नंबरची किल्ली दिली नि बिस्किटं आणायला गेला. म्हटलं बघावी लावून. तर तुझ्या घराला लागली! शिंप्याच्या दाराला लागली, नर्सच्या लागली. सगळीकडे लागते गं! तेच तर सांगायला थांबले होते. म्हटलं, तू येईस्तोवर जरा पाठ टेकावी. तर तू पाठच सोलून काढलीस."

आरडाओरड ऐकून शिंपी आणि नर्स धावत आले. नर्सचा चेहरा उतरला.

"मावशी, खरं सांगू? ड्युटीवरून पेंगत येते मी. दोनदा शिंपीकाकांच्या घरात जाऊन झोपले."

"आम्ही पांघरूण घातलं," शिंपी म्हणाला. "तुम्हाला सांगायची कुणाची छाती आहे, वहिनी?"

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. वरच्या खोलीत उतरलेले निवृत्त हेडमास्तर किल्ली खिशात टाकत आत आले, सरळ फडताळाशी गेले आणि त्यांनी बाईंचा कप काढला.

"आज चहाला उशीर?"

त्यांच्या मागून बिस्किटांचा पुडा घेऊन नवरा आला. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की पुड्यातली बिस्किटं आतल्या आत मोडली असतील.

"हे रोज येतात?"

"रोज. वरचे सगळेच येतात. चहा पितात, पत्ते खेळतात. मास्तर तुझा चष्मा लावून पेपर वाचतात, मग जरा आडवे होतात."

"आणि मी घसा फोडून विचारत होते तेव्हा?"

"तू चोराचं विचारलंस. हे पाहुणे. तूच म्हणालीस, या बसा म्हणायचं, तोंड घालायचं नाही."

वन्संनी पाठ चोळत विचारलं, "मास्तर, खरं सांगा. तुमची काय तक्रार?"

 जिन्याखालची ती चूल बाईंच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

"तक्रार?" मास्तर दचकले. "अहो, खोल्या कुठंही मिळतात. पण खोलीच्या किल्लीनं मालकाचं घर उघडतं, असं ठिकाण आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं! मी आठवडाभर मुक्काम वाढवलाय. पुढच्या सुट्टीला दोघा मित्रांना आणतोय. फक्त साखर जरा जास्त भरा."

वन्संनी हातातली किल्ली उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, "विकत नाही मी. पण अट आहे. बिऱ्हाडांची कुलपं आजच्या आज बदल. पाहुण्यांचं सगळं माझा भाऊ बघेल. आणि आण ती तक्रारवही. पाहुण्याची नसली, तरी माझी आहे."

बाई ताठ उभ्या राहिल्या. "वन्सं, आधी एक कबूल करा. घरात कुणीतरी शिरतंय, हे मी म्हणत होते. शिरत होतं की नाही?"

"शिरत होतं."

"म्हणजे माझंच खरं ठरलं. ऐकलंत का सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं. वन्संनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं : "तक्रार : पाठीत खराटा बसला. कारण : सहा दारांना एक किल्ली." तिसऱ्या रकान्याशी पेन थांबलं. नवऱ्यानं सवयीनं मान खाली घातली.

"आणा इकडं," बाईंनी पेन हिसकावलं. "माझ्या वहीत दोष लिहायचा तो मीच लिहिणार. दुसऱ्याची ती टाप नाही!"

आणि खालच्या चार पानांवर वळ उठेल इतकं दाबून, टपोऱ्या चौथीतल्या अक्षरात त्यांनी लिहिलं : फौजदारबाई.